दुहेरी जोडणी आणि निकामी कार्ड

रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण नवी दिल्लीत १९८५ साली सुरू झाले. खिडकीवरील कारकुनाला दूरच्या संगणकातील नोंदी दिसू लागल्या. त्याबरोबरच एक नवी चिंताही उत्पन्न झाली. मधला दुवा तुटला की रांग जागच्या जागी थांबे. शास्त्री पार्क येथील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या डेटा सेंटरसारख्या ठिकाणी, जेथे असंख्य लोकांची कामे सर्व्हरवर अवलंबून असतात, तेथे एका जोडणीवर विसंबणे परवडणारे नसते.

म्हणून सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे बसवून ती एकाच नावाने चालवतात. या रचनेला ‘बाँडिंग’ म्हणतात. मराठीत ‘बंध’ म्हटल्यास फारसे चुकणार नाही. एक कार्ड काम करते, दुसरे सज्ज राहते. जोडणी शाबूत आहे की नाही, हे संगणक सेकंदातून दहा वेळादेखील तपासू शकतो. पहिले कार्ड बंद पडताच दुसरे भार उचलते आणि खिडकीवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. अडचण नेमकी येथेच आहे. बिघाड कोणालाच जाणवत नाही, आणि सर्व्हर महिनोन्‌महिने एका पायावर उभा राहू शकतो.

दुरुस्तीच्या वेळी खरा धोका कार्डापेक्षा हाताचा असतो. मागच्या बाजूला सारख्याच दिसणाऱ्या केबलींची गर्दी असते. त्यांतली चालू केबल उपसली गेली, तर बिघाडाने जे साधले नाही ते दुरुस्ती साधते. यासाठी आज्ञा देऊन कार्डावरील दिवा लुकलुकता ठेवता येतो. निकामी कार्डाचा दिवा कदाचित लागणार नाही. अशा वेळी चांगल्या कार्डाचा लावावा आणि त्याला हात लावू नये. पुष्कळदा दोष केवळ केबलीतच सापडतो.

प्रत्येक कार्डाला कारखान्यातून ४८ बिटांचा स्वतंत्र पत्ता मिळालेला असतो. बंध सामान्यतः पहिल्या कार्डाचा पत्ता धारण करतो. सर्व्हर चालू ठेवून ते कार्ड काढले आणि त्याच जाळ्यातील दुसऱ्या यंत्रात बसवले, तर एकाच पत्त्याचे दोन धनी होतात व संदेश भलतीकडे जातात. याउलट, नव्या कार्डाचा पत्ता वेगळा असल्यामुळे जुन्या पत्त्यावर बेतलेल्या नोंदी बदलाव्या लागतात; एरवी ते खाचेत नुसतेच बसून राहते.

शेवटी, कामाची वर्दळ नसताना, चांगली केबल जाणूनबुजून काढून पाहावी. दोन्ही केबली एकाच स्विचला जोडलेल्या नाहीत ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.