आठ वेळा लाल आलं, म्हणून काय झालं?

अगं, पाव्हणे, म्हणजे तुझे यजमान, गोव्याहून आल्यापासून खुशीत आहेत, हे कळलं. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर लाल रंगावर सलग आठ वेळा जिंकले. आता दिवाळीचा बोनस हातात पडला की शिरवळच्या पुलापाशी रात्रीची गाडी पकडून पुन्हा जायचं म्हणतायत. तू विचारलंस म्हणून सांगते. भांडू नकोस, कागद-पेन घेऊन त्यांच्या शेजारी बस.

ते खेळले त्या रूलेटच्या चाकावर 37 घरं असतात. 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवं, शून्याचं. लाल-काळ्यावर लावणाऱ्याचे पैसे त्या शून्यावर जातात, आणि कॅसिनोची कमाई तिथेच आहे. शंभर रुपये लावले की सरासरी 2 रुपये 70 पैसे त्यांचे. दोन शून्यांचं चाक असेल तर 5 रुपये 26 पैसे.

सलग आठ वेळा लाल येण्याची शक्यता साधारण 319 मध्ये एक. ऐकायला मोठं वाटतं ना? पण पुण्याहून, कोल्हापूरहून, आपल्या एमआयडीसीतून किती माणसं त्या बोटींवर जातात बघ. 319 जण आठ-आठ फेऱ्या खेळले, तर सरासरी एकाला आठही लागणार. तो एक गावभर सांगत फिरतो, बाकीचे गप्प घरी येतात. म्हणून आपल्या कानावर फक्त जिंकल्याच्याच गोष्टी येतात गं.

चाकाशेजारी आधीचे आकडे दाखवणारा फलक असतो. तो बघून लोक ठरवतात, ‘इतक्या वेळा काळं आलं, आता लाल येणारच.’ 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत एका चाकावर सलग 26 वेळा काळं आलं होतं. लोक दर फेरीला लालवर वाढवून लावत राहिले आणि धुतले गेले. चाकाला मागचं काही आठवत नाही. आठ वेळा जिंकल्यानंतरही नवव्या फेरीला शक्यता तीच, 37 पैकी 18.

मला खरी भीती आहे ती पाव्हण्यांच्या त्या ‘डबल करत जायचं’वाल्या युक्तीची. हरलं की दुप्पट लावायचं, एकदा जिंकलं की सगळं वसूल आणि वर शंभर रुपये नफा. हे नीट मांडून दाखव. शंभरापासून सुरुवात केली आणि सलग सात वेळा हरलं, तर 100, 200, 400 करत एकूण 12,700 रुपये जातात. एकदा जिंकेपर्यंत किंवा सात वेळा हरेपर्यंत एक डाव धरला, तर असं साधारण 106 डावांत एकदा होतं. उरलेल्या 105 डावांचे शंभर-शंभर म्हणजे 10,500. आले किती, गेले किती, त्यांनाच वजाबाकी करू दे. आणि आठव्यांदा 12,800 लावायला खिशात नसतात, असले तरी टेबलाची मर्यादा आडवी येते. रात्रभरात दोनशे फेऱ्या खेळणाऱ्यावर ही सलग सात हरण्याची पाळी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे.

त्यांना अजून एक विचार. आजवरच्या गोव्याच्या सगळ्या खेपांचा हिशोब काय? गाडीभाडं, बोटीचा प्रवेश, हरलेले, जिंकलेले, सगळं धरून. फक्त जिंकलेलं तोंडपाठ असेल आणि हरलेलं आठवत नसेल, तर सावध हो.

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. कॅसिनोंना परवानगी देणारा 1976 चा कायदा कधी अमलात आलाच नाही, 2023 मध्ये तो रद्दही झाला. पण मोबाइल हातात आहे ना! पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आली, तरी लिंका फिरतातच. त्यांच्या फोनवर असलं काही दिसलं तर गप्प राहू नकोस.

बोनस आला की आधी घरहप्ता आणि पोरांची फी वेगळी काढ, तुझ्या खात्यात टाक. आणि उसने मागायला लागले, खोटं बोलायला लागले, रात्री झोप उडाली, तर लाज धरू नकोस. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन लावायला जमलं नाही तर मला सांग, मी लावून देते.