कोंबड्यांतील रक्ती हगवण : निदानाची सोपी रेण्वीय चाचणी

गादी पद्धतीने पाळलेली तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले पंख पाडून कोपऱ्यात गोळा होऊ लागली, विष्ठेत रक्त दिसले आणि मर सुरू झाली, की रक्ती हगवणीची शंका घ्यावी. आयमेरिया हा एकपेशीय परोपजीवी या रोगास कारण होय. कोंबड्यांत त्याच्या सात जाती प्रामुख्याने मानल्या जातात व त्यांच्या राहण्याच्या जागा निरनिराळ्या आहेत. टेनेला ही जात दोन आंधळ्या आतड्यांत, तर नेकॅट्रिक्स लहान आतड्याच्या मधल्या भागात रक्तस्राव घडविते. ॲसरव्हुलिनामुळे रक्त दिसत नाही. परंतु वाढ खुंटते व खाद्य वाया जाते.

सूक्ष्मदर्शकाची मर्यादा

संपृक्त मिठाच्या पाण्यात विष्ठा कालवून ठेवली असता परोपजीवीची कवचयुक्त अवस्था, म्हणजे ऊसिस्ट, वर तरंगते व सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ही पद्धत स्वस्त असून आजही उपयुक्त आहे. मात्र अनेक जातींचे ऊसिस्ट आकाराने सारखेच असतात. शिवाय टेनेलाच्या बाधेत पिल्ले पाचव्या-सहाव्या दिवशीच मरू लागतात, तर ऊसिस्ट विष्ठेत साधारणतः सातव्या दिवसापासून पडतात. यास्तव विष्ठेत ऊसिस्ट नाहीत, एवढ्यावरून रोग नाही असे समजू नये.

लॅम्प चाचणी

ही पद्धत जपानमध्ये विकसित होऊन 2000 साली प्रसिद्ध झाली. 2011 साली आयमेरियाच्या सातही जाती वेगवेगळ्या ओळखणाऱ्या लॅम्प चाचण्या प्रसिद्ध झाल्या. हीत परोपजीवीच्या डीएनएचा ठरावीक भाग 60 ते 65 अंश सेल्सिअस तापमानात सुमारे एका तासात असंख्य पटींनी वाढविला जातो. तापमान एकच असल्याने महागडे यंत्र लागत नाही. गरम पाण्याचे नियंत्रित पात्र पुरते. निकाल रंगबदलावरून डोळ्यांनी वाचता येतो. ऊसिस्टचे कवच कठीण असल्याने ते आधी फोडावे लागते; म्हणून हे काम प्रयोगशाळेतच करावे.

नमुना कसा घ्यावा

1. नुकत्याच मेलेल्या पिल्लाच्या आंधळ्या आतड्याचा व लहान आतड्याचा खरवड वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत घ्यावा.
2. विष्ठा गादीवरील अनेक ठिकाणांहून ताजी घ्यावी.
3. नमुना फॉर्मेलिनमध्ये घालू नये; त्याने डीएनए बिघडते. बर्फावर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत त्वरित पाठवावा.
4. सोबत पिल्लांचे वय, मरीची संख्या, दिलेले औषध व लस यांची नोंद द्यावी. जिवंत लस दिली असल्यास तिच्यामुळेही चाचणी होकारार्थी येऊ शकते.

निकालाचा अर्थ

होकारार्थी निकाल परोपजीवीचे अस्तित्व सांगतो, रोगाची तीव्रता नव्हे. निरोगी दिसणाऱ्या कळपातही आयमेरिया सापडतो. म्हणून शवविच्छेदनात आतड्यावर दिसणाऱ्या जखमा व कळपातील लक्षणे यांच्याशी निकाल ताडून पाहावा. कोणती जात आहे हे कळल्यास वापरलेली लस त्या जातीस लागू आहे काय, हे ठरविणे सोपे जाते.

अहवालाची वाट पाहू नये

मर चालू असताना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून ॲम्प्रोलियमसारखे औषध लगेच सुरू करावे. ओली गादी काढून कोरडे तूस पसरावे व पाण्याची भांडी सांडणार नाहीत अशी उंचावर ठेवावीत. नेहमीच्या जंतुनाशकांनी ऊसिस्ट सहसा मरत नाहीत. ओलावा व ऊब मिळाल्यास ते एक-दोन दिवसांत बाधक बनतात. चाचणी शत्रूची ओळख पटविते. परंतु त्याचा प्रसार रोखण्याचे काम कोरड्या गादीलाच करावे लागते.