खाऊचे रंग आणि मुलांचा चंचलपणा

जत्रेत पाळण्याखालोखाल मुलांची गर्दी होते ती गुलाबी ‘म्हातारीच्या केसां’च्या गाडीभोवती. साखर मूळची पांढरी. गुलाबी रंग केवळ डोळ्यांना भुलविण्यासाठी. असे कृत्रिम रंग पोटात गेल्यावर मुलांच्या वागण्यावर काही परिणाम करतात काय, हा प्रश्न गेली पन्नास वर्षे शास्त्रज्ञांपुढे आहे. आणि त्याच्या उत्तराइतकीच ते शोधण्याची हकीकतही उद्बोधक आहे.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात रंगासाठी हळद, केशर आणि आमसूल एवढ्यावर भागत असे. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून हिवतापावरील क्विनाइन बनवू पाहत होता. क्विनाइन साधले नाही. हाती आला तो सुंदर जांभळा रंग! त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. पुढे असेच रंग खाद्यपदार्थांतही आले. आज ते खनिज तेलजन्य द्रव्यांपासून बनतात. स्वस्त, गडद आणि सहसा न विटणारे असल्यामुळे मिठाईवाल्यांना ते सोयीचे वाटले, यात नवल नाही.

१९७३ साली कॅलिफोर्नियातील डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड या अॅलर्जीतज्ज्ञांनी असे प्रतिपादन केले की, आहारातून कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद व काही फळांतील सॅलिसिलेट द्रव्ये वगळल्यास अनेक अतिचंचल मुले शांत होतात. पुष्कळ आईबापांना ते मनोमन पटले. परंतु येथेच एक मेख आहे. आहार बदलला हे आईला ठाऊक असते, आणि सारे घर मुलाकडे अधिक लक्ष देऊ लागते. मग मूल शांत झाले ते रंग गेल्यामुळे, लक्ष मिळाल्यामुळे, की आईला तसे वाटल्यामुळे?

ही शंका पोकळ नाही. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना साखर नसलेले गोड पेय देण्यात आले. मात्र निम्म्या मातांना ‘यात भरपूर साखर आहे’ असे सांगितले होते. त्या मातांना आपापली मुले अधिक दंगेखोर भासली! आम्ही शिक्षकही या दोषातून सुटलेलो नाही. ज्याच्या नावावर एकदा ‘खोडकर’ असा शिक्का बसला, त्याच्या बाजूला बाक वाजला की आमची मान आधी तिकडेच वळते. अशा वेळी निरपराध मुलावर अन्याय होतो, हे येथे कबूल करावयास हवे.

म्हणूनच इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने केलेला आणि २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग महत्त्वाचा ठरतो. त्यात तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले होती. ही मुले आजारी नव्हती. तुमच्यासारखीच सर्वसाधारण होती. रोजच्या आहारातून ठरावीक रंग वगळून त्यांना पेय दिले जाई. कोणत्या आठवड्यात त्यात रंग व सोडियम बेंझोएट हे परिरक्षक असे, आणि कोणत्या आठवड्यात नुसता फळांचा रस, हे मुलांना, पालकांना वा निरीक्षकांनाही ठाऊक नसे. पेयांचे रूप व चव सारखीच ठेवली होती.

निष्पन्न काय झाले? रंगमिश्रित पेयानंतर मुलांचा चंचलपणा सरासरीने किंचित वाढलेला आढळला. तो सर्वांत सारखा नव्हता. काही मुलांवर परिणाम स्पष्ट, तर काहींवर मुळीच नाही. लहान मुलांत तर दोन मिश्रणांपैकी एकाचाच परिणाम खात्रीने दिसला. शिवाय रंग आणि परिरक्षक एकत्र दिल्यामुळे दोष नेमका कोणाचा, हे उकलता आले नाही. माझ्या मते प्रयोगातील हा मोठाच उणेपणा होय. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली हा पुरावा मर्यादित ठरविला. तरीही युरोपीय संघाने सावधगिरीचा मार्ग पत्करला, आणि २० जुलै २०१० पासून त्या सहा रंगांपैकी कोणताही वापरल्यास ‘मुलांच्या हालचालींवर व अवधानावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो’ अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. पुष्कळ उत्पादकांनी सूचना छापण्यापेक्षा रंगच बदलले.

आपल्याकडे त्या सहांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन व पाँसो ४ आर हे चार विहित प्रमाणात वापरण्यास मुभा आहे. मात्र जत्रेतल्या त्या गुलाबी साखरेची गोष्ट कित्येकदा निराळीच निघते. तिच्यात कापड रंगविण्याचा ऱ्होडामाइन-बी सापडल्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने ती विकण्यास बंदी केली. मार्चमध्ये आपल्या कर्नाटकानेही कृत्रिम रंगाची म्हातारीचे केस व गोबी मंचुरियन यांवर बंदी घातली. तेथे प्रश्न चंचलपणाचा नव्हता. तो रंग खाण्याचा नव्हेच.

बंद पाकिटातल्या खाऊची तपासणी तुम्हांलाही करता येईल. वेष्टनावरील बारीक अक्षरांत १०२, ११०, १२२ व १२४ हे आकडे शोधा. वर सांगितलेल्या चार रंगांचे ते अनुक्रमे क्रमांक होत. भिंग घेतल्यास बरे पडेल, कारण अक्षरे फारच बारीक असतात.