गच्चीवरील वीजघर

वऱ्हाडांतला उन्हाळा कसा असतो हें येथील मुलांस शिकवावें लागत नाहीं. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी कोणी नवल करीत नाहीं, आणि अमरावतीची स्थितिहि फारशी निराळी नसते. हेंच ऊन आतां पुष्कळ घरांच्या गच्चीवर वीज देऊं लागलें आहे. "सर, आम्हीहि सोलर बसवावें काय?" असें पालक मला वारंवार विचारतात. विज्ञान शिकविणारास सर्व ठाऊक असतें, अशी त्यांची समजूत! म्हणून हा पाठ मुलांबरोबर त्यांच्यासाठींहि लिहिला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. पॅनेलास ऊन हवें तें प्रकाशासाठीं, उष्णतेसाठीं नव्हे. प्रकाशापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊं शकतो, हें एडमंड बेक्वेरेल नांवाच्या फ्रेंच तरुणास १८३९ सालीं आढळलें. त्या वेळीं तो अवघा १९ वर्षांचा होता. (मॅट्रिकच्या मुलांनीं हें वय ध्यानांत घ्यावें.) पुढें १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें व्यवहारोपयोगी अशी सिलिकॉनची पेशी तयार केली. सिलिकॉनवर प्रकाश पडला कीं त्यांतील विद्युत्कण मोकळे होतात, व पेशीच्या दोन थरांच्या सांध्यापाशीं असलेलें विद्युत्क्षेत्र त्यांस एकाच दिशेनें लोटतें. हाच प्रवाह होय. परंतु पेशी तापली म्हणजे तिचें काम मंदावतें. २५ अंशांच्या वर दर अंशास सुमारें एकतृतीयांश टक्का वीज कमी होते. मेच्या दुपारीं पॅनेल ६५ अंश तापलें, तर वाढ ४० अंशांची व घट सुमारें १३ टक्क्यांची! याकरितां पॅनेल स्लॅबास चिकटवून बसवीत नाहींत. खालून वारा खेळेल असें सांगाड्यावर उचलून धरतात. त्याचें तोंड दक्षिणेस असतें, कारण सुमारें २१ अक्षांशांवरील आपल्या मुलखांत वर्षांतील बहुतेक दिवस दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच असतो.

आतां पैशाची गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना' आरंभिली. एक कोटि घरें हें तिचें उद्दिष्ट. एक किलोवॉटास ३०,००० रुपये, दोनास ६०,००० व तीन किंवा अधिक किलोवॉटास ७८,००० रुपये अनुदान मिळतें. आपल्याकडे हें काम महावितरणमार्फत चालतें. अनुदान खात्यांत जमा होतें तें काम पुरें झाल्यावर. तोंवर सर्व रक्कम घरांतून किंवा बँकेच्या कर्जांतून उभी करावी लागते, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

एका किलोवॉटास सुमारें १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. त्यांतून दिवसास सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्यास १२० युनिट मिळतात. समजा, तीन किलोवॉटास १,८०,००० रुपये खर्च आला. अनुदान वजा जातां राहिले १,०२,०००. ज्याच्या बिलांत दरमहा २,००० रुपये वांचतात त्याचे पैसे ५१ महिन्यांत, म्हणजे सवाचार वर्षांत फिटतील. पण ज्याचें बिलच ५०० रुपयांचें आहे, त्यानें शेजाऱ्याचें पाहून तेवढींच पॅनेलें बसविलीं, तर त्यास १७ वर्षें लागतील. कर्जाचें व्याज निराळेंच. अशा गृहस्थानें एका किलोवॉटावर संतोष मानावा.

दिवसा उरलेली वीज तारांवाटे बाहेर जाते व रात्रीं आपण बाहेरची घेतों. नेट मीटर दोहोंचा हिशेब ठेवतो. पूर्वी वऱ्हाडांत ज्वारी पेवांत घालीत व पुढें लागेल तशी काढीत, तसेंच हें. मात्र वर्षाअखेर उरलेल्या युनिटांस बेताचाच भाव मिळतो, आणि बिलांतील स्थिर आकार चुकत नाहीं. 'मोफत' हा शब्द जरा जपून वाचावा.

माझे एक शेजारी गेल्या पावसाळ्यांत फार रागावले. लाईट गेली, आणि भर दिवसा त्यांचें सोलरहि बंद! बसविणारानें त्यांस आधीं कांहींच सांगितलें नव्हतें. वास्तविक तो दोष नसून ती व्यवस्थाच आहे. बाहेरचा पुरवठा तुटतांच इन्व्हर्टर आपोआप थांबतो. न थांबेल तर आपल्या गच्चीवरील वीज तारेंत शिरून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल. लाईट नसतांनाहि वीज हवी असेल तर तशी खास योजना व बॅटरी घ्यावी लागते, आणि तिचा खर्च पुष्कळ.

ज्यांचें घर भाड्याचें आहे, त्यांस या योजनेचा उपयोग जवळजवळ नाहींच. गच्ची मालकाची व बिल भाडेकऱ्याचें! आमच्या शाळेंतील कितीतरी मुलें अशाच घरांतून येतात. ही उणीव मला बोचते.

मुलांसाठीं एक हिशेब. अकोला जिल्ह्यांत पारस येथें कोळशावर चालणारे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. तीन किलोवॉटचीं किती घरें मिळून एका संचाएवढी क्षमता होईल? उत्तर ८३,००० च्या पुढें येतें. पण रात्रीं त्या सर्व घरांची मिळून वीज किती, हेंहि वहींत लिहावें. मग घरचें बिल घेऊन त्यावर छापलेला मागील महिन्यांचा वापर वडिलांस किंवा आईस वाचून दाखवावा, आणि सरासरीस १२० नें भागावें. येणारा आंकडा म्हणजे तुमच्या घरास लागणारे किलोवॉट.