आधी कर्ता तपास

सातारा

चि. ईशानीस,


वादविवाद स्पर्धेचं तुझं भाषण वाचलं. पहिलंच वाक्य : '१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने अमेरिकेतली गुलामगिरी संपवली.' वाक्य ठसठशीत आहे, टाळ्या घेईल. पण समोरचं एखादं अभ्यासू पोर उठून म्हणालं, 'केंटकीत कधी संपली?' तर?

लिंकनचा त्या दिवशीचा मुक्तीचा जाहीरनामा यादवी युद्धातल्या बंडखोर प्रदेशापुरता होता. संघराज्यातच राहिलेल्या केंटकी, डेलावेअरला तो लागूच नव्हता. तिथले उरलेले गुलाम सुटले ते तेराव्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १८६५ मध्ये. बंडखोर मुलखातही फौज पोचेल तिथेच तो खरा व्हायचा. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला मुक्तीचा हुकूम निघाला १९ जून १८६५ ला. उलट न्यूयॉर्क राज्याने १८२७ मध्येच ही प्रथा मोडली होती. म्हणून 'कधी'च्या आधी 'कुठे' विचारावं.

आता कर्ता. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या आत्याची नजर तिथे जाणारच. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातले तीन गुलाम रात्री होडीतून संघराज्याच्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर पोचले. जनरल बटलरने त्यांना मालकाकडे परत पाठवलं नाही. मग शेकडो आले. पुढे सुमारे १,८०,००० काळे सैनिक संघराज्याकडून लढले. तुझ्या वाक्यात ही माणसं नुसतं कर्म होऊन बसली आहेत. लिंकनला खाली ओढू नकोस. त्याच्या शेजारी त्यांना जागा दे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, एकट्या लिंकनच्या नावाने नव्हे.

राहिलं क्रियापद. तेराव्या दुरुस्तीने गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या कामाला मुभा ठेवली. कैदी भाड्याने देण्याचा धंदा अलाबामात १९२८ पर्यंत चालला. पण हे कळल्याच्या भरात 'गुलामगिरी संपलीच नाही' असं ठोकून देऊ नकोस. १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख माणसं मालकीची होती. पोटचं लेकरू यापुढे बाजारात विकलं जाणार नाही, हा फरक त्या आयांना समजावून सांगावा लागला नसेल.

पहिलं वाक्य नव्याने लिहून पाठव. लांबेल, टाळ्याही कमी पडतील. पण केंटकीचं नाव निघालं तर पाण्याचा ग्लास शोधावा लागणार नाही.

तुझी,
आत्या