घरी काय हाक मारतात?

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये मी वीस वर्षं लोकांचे अर्ज भरून देते. कुणी उत्तर प्रदेशातून आलेलं, कुणी बिहारमधून. माझे आईवडीलही १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इथे आले. "इथे राहायचं तर नाव बदलावं का?" असं मला पुष्कळजण विचारतात. अनुभवाने जे शिकले, ते असं:

१. आपले तीन रकाने म्हणजे जग नव्हे.
नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपल्याकडची रीत. बिहारच्या बाईच्या नावापुढचं 'देवी' किंवा 'खातून' हे तिच्या घराण्याचं आडनाव नसतं. रकाना रिकामा नको म्हणून कुणीतरी काहीतरी भरतं. एका घरात थोरला शेख, मधला अन्सारी आणि धाकट्याच्या आडनावाच्या जागी बापाचं नाव, असं मी पाहिलंय. तिघं सख्खे भाऊ आहेत हे पटवून देताना त्यांच्या आईचे कितीतरी रोज बुडाले.

२. दुसऱ्याच्या सोयीचं नाव महागात पडतं.
माझी आई चेंबूरला धुणीभांडी करायची. गावदेवीवरून ठेवलेलं तिचं नाव कामाच्या घरी लांबलचक वाटलं, म्हणून पहिल्याच दिवशी ती 'गीता' झाली. बावीस वर्षं त्या हाकेला ओ देत राहिली. आता तिला खऱ्या नावाने हाक मारणारी एक गावाकडची बहीणच उरलीय. तिचा फोन आला की आईचा आवाजच बदलतो.

३. पोटासाठी नाव बदलणाऱ्याला नावं ठेवू नयेत.
आमच्या वस्तीतल्या काही मुसलमान बाया कामाच्या घरी हिंदू नाव सांगतात, कारण खरं सांगितलं तर काम मिळत नाही. दोष त्यांचा नाही, दार लावून घेणाऱ्यांचा आहे. पेशावरचे युसूफ खान १९४४ साली पडद्यावर दिलीपकुमार म्हणून आले आणि त्याच नावाने मोठे झाले. स्वतःच्या मर्जीने कुणी नाव बदललं, तर खुशाल बदलावं. नाइलाजाने बदलावं लागलं, तर ती आपल्या शहराची लाज आहे.

४. बदलायचंच तर अर्धवट नको.
आधी राजपत्रात नोंद, मग आधार, पॅन, बँक, रेशनकार्ड. एका कागदावर जुनं आणि दुसऱ्यावर नवं नाव असलेला माणूस प्रत्येक खिडकीवरून परत पाठवला जातो. राजपत्राची प्रत मंगळसूत्रासारखी जपावी.

५. रकाने बदलता येतात.
१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं. सरकारी कागद एवढा बदलू शकतो, तर समोरच्याचं नाव तो सांगतो तसं लिहिणं आपल्याला जड का जावं?

६. आधी विचारावं, मग लिहावं.
आता पेन उचलण्याआधी मी विचारते, "घरी काय हाक मारतात?" परवा एक आजी या प्रश्नावर क्षणभर गप्प झाली. मग हळूच नाव सांगितलं. मी ते लिहून मोठ्याने वाचून दाखवलं. तिने कागदावरच्या त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हां, यही."