पत्ते टाकायला शीक

एडिसन, न्यू जर्सी

चि. अमेय,


परवा रेणूचा फोन आला होता. तू हल्ली ॲटलांटिक सिटीला पोकरचं चार-आठचं लिमिट टेबल सोडून नो-लिमिटला बसतोस आणि एकाच डावात होतं नव्हतं ते घालवलंस, असं म्हणाली. वहिनींना मी काही बोललो नाही. त्यांची तब्येत तुला ठाऊक आहे.

खेळतोस याचा राग नाही. खेळ बदललास आणि सवय जुनीच ठेवलीस, याचा आहे. तुला पत्ते टाकवत नाहीत. गणपतीत रमीला बसलास तरी टाकवायचे नाहीत.

लिमिटला ते खपून जातं. टर्नपर्यंत, एकच पत्ता उघडायचा उरला असताना, तुझे चार बदाम झालेत, पॉटमध्ये ४० डॉलर आहेत आणि समोरच्याने ८ लावले, तर तू ८ देऊन ४८ साठी खेळतोस. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम, म्हणजे साधारण पाचात एकदा जमणार. कॉल रास्तच. नो-लिमिटला तोच माणूस ४० लावतो. आता ४० देऊन ८० साठी खेळायचं. पत्ते तेच, पण कॉल तोट्याचा. बदाम आला की तो आणखी देईल, म्हणशील. अरे, टेबलावर तिसरा बदाम दिसला की शहाणा माणूस हात आखडतो.

आणि एका जोडीवर रिव्हरपर्यंत, शेवटच्या पत्त्यापर्यंत जाणं! चार-आठला पहिल्या दोन फेऱ्यांत चार-चारने, पुढच्या दोन फेऱ्यांत आठ-आठने लावायचं; फेरीत एक बेट नि तीन रेज एवढीच मुभा असली, तर अख्खा डाव फसूनही ९६ डॉलर जातात. नो-लिमिटला एका कॉलमध्ये तुझ्यासमोरची सगळी रास जाते. म्हणून पुन्हा सांगतो, टाकायला शीक.

तुझ्या वयात शनिवारच्या रात्री मीही त्याच गावात काढल्या. पैसे फार गेले नाहीत, लिमिटने राखलं. पण नव्या देशात तुझी काकू त्या रात्री घरात एकटी असायची. ते अजून सलतं.

फार बोललो का? मनाला लावून घेऊ नकोस. फी भरायची राहिली असेल तर मला सांग, मी भरतो, हिशेब मागणार नाही. रविवारी ये. काकू पुरणपोळ्या करणार आहे. मेट्रोपार्कला घ्यायला येईन, कितीही वाजले तरी फोन कर. जिंकलास की हरलास, ते विचारणार नाही. नुसता ये.

तुझा,
अण्णाकाका